पित्याचे पाप आणि पुत्राचे वतन

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात वेल्स देशाच्या उत्तरेस, ग्विनेदच्या डोंगराळ मुलुखात, कायद्याची जी पोथी सिद्ध झाली तिच्यात जमिनीच्या वारशाचे विवेचन करता करता ग्रंथकर्ता एका ठिकाणी थबकतो, धर्मसंस्थेचा नियम व आपल्या देशाचा नियम शेजारी शेजारी मांडतो, आणि विवाहित पत्नीच्या ज्येष्ठ पुत्राखेरीज कोणासही पित्याचे वतन मिळू नये असे धर्मसंस्था म्हणत असली तरी राजा हवेलच्या कायद्याने थोरल्याइतकाच धाकट्याचाही हक्क मानलेला आहे व पित्याने केलेले पाप पुत्राच्या हक्काआड येऊ शकत नाही, असा निर्वाळा देऊन शांतपणे पुढच्या कलमाकडे वळतो. त्याच्या लेखणीत संताप नाही आणि क्षमायाचनाही नाही. ज्या युगात रोमच्या आज्ञापत्रापुढे राजेमहाराजे मान तुकवीत होते, त्या युगात युरोपच्या एका पावसाळी कोपऱ्यातील कायदेपंडिताने मतभेदाची इतकी स्वच्छ नोंद करून ठेवावी, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

हा मनुष्य पाखंडी नव्हता. ज्या हवेलच्या नावाने ही संहिता चालत आली, तो दहाव्या शतकातला राजा ९२८ साली रोमची यात्रा करून आलेला होता. लोकांनी त्याला 'दा' म्हणजे सज्जन अशी पदवी दिली होती. आणि पोथ्यांच्या प्रस्तावना असे सांगतात की, व्हिटलंड येथे उपवासाच्या पर्वकाळात धर्मगुरू व जाणते गृहस्थ यांची सभा भरवून त्याने हे कायदे शोधून घेतले, आणि धर्मगुरूंना बोलाविण्याचे कारण हेच की पवित्र शास्त्राविरुद्ध काही ठरू नये. उपलब्ध पोथ्या हवेलनंतर दोन-तीन शतकांनी लिहिलेल्या असल्यामुळे त्यांतील किती भाग खरोखर त्याचा, हा विद्वानांच्या वादाचा विषय आहे. पण आपला कायदा शास्त्रसंमत आहे अशी ज्यांची प्रामाणिक समजूत होती, त्यांनीच या एका मुद्द्यावर शास्त्राच्या अधिकृत भाष्यकारांशी असहमती नोंदविली, एवढे निश्चित.

या कायद्याची वाटणीची रीत पाहिली म्हणजे तो रचणाऱ्यांना मनुष्यस्वभावाची ओळख किती पक्की होती हे कळते. ज्या जमिनीवर घरे नाहीत तिचे हिस्से सर्वांत धाकट्या भावाने पाडावयाचे, आणि निवड मात्र प्रथम थोरल्याने, मग वयाच्या क्रमाने इतरांनी करावयाची. ज्याच्या वाट्याला शेवटी उरेल ते येणार, त्याच्याच हाती मोजणीची दोरी दिल्यावर हिस्से विषम पडण्याचा संभव कितीसा राहणार? मूळ घर, आठ एर्व (वेल्श जमीनमाप) जमीन, बापाचा हंडा, सरपणाची कुऱ्हाड आणि नांगराचे पाते या गोष्टी धाकट्याच्या, आणि त्या दुसऱ्या कोणास देण्याचा अधिकार खुद्द बापालाही नव्हता. भावाभावांत झालेली वाटणी चुलतभावांच्या पिढीत एकदा आणि त्यांच्या मुलांच्या पिढीत आणखी एकदा मोडून नव्याने करता येई. आणि मुलगा कोणाचा, हे ठरविण्याचा मार्ग विवाहाच्या नोंदीतून जात नसे. मातेने बाळाला चर्चमध्ये नेऊन, एक हात वेदीवर व दुसरा बाळाच्या मस्तकावर ठेवून बापाचे नाव शपथेवर सांगावयाचे, आणि बापाने ते नाकारावे अथवा मान्य करावे, अशी रीत होती. बापाने एकदा मान्य केले की तो पुत्र झाला, आणि पुत्र झाला की हिस्सेदार झाला. धर्मसंस्थेने ज्याला पापाचे फळ म्हटले त्याचा कुळात प्रवेश धर्मसंस्थेच्याच वेदीवर होत होता, हा या व्यवस्थेतला विरोधाभास त्या लोकांना खुपला असेल असे दिसत नाही.

आता धर्मसंस्थेची बाजू न्यायबुद्धीने मांडली पाहिजे, कारण तिला दुष्ट ठरविणे सोपे असले तरी खरे नाही. तिचे म्हणणे असे की, विवाह हा करार नसून संस्कार आहे. त्या संस्काराला जी फळे लागतात त्यांपैकी वारसा हे एक आहे. संस्कारावाचून तेच फळ मिळू लागले तर संस्काराचे पावित्र्य नाममात्र उरेल, आणि त्याची पहिली झळ बसेल ती विवाहित स्त्रीला व तिच्या मुलांना. अनौरस पुत्राला हिस्सा न देणे ही त्याला केलेली शिक्षा नव्हे. जो अनुग्रह त्याला प्राप्तच झालेला नाही तो न मिळणे, एवढेच ते आहे. या पक्षाच्या हाती शास्त्रवचनही होते. अब्राहामाच्या घरी सारेने दासीला व तिच्या पुत्राला घालवून देण्याचा हट्ट धरला, दासीपुत्राने स्वतंत्र स्त्रीच्या पुत्राबरोबर वाटेकरी होऊ नये असे ती म्हणाली, आणि ईश्वराने तिचे म्हणणे मान्य केले, ही उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा धर्मशास्त्र्यांना पाठ होती.

परंतु त्याच बायबलात संदेष्टा यहेज्केल असेही बजावतो की, बापाच्या अधर्माचा भार पुत्राने वाहावयाचा नाही. वेल्सच्या पंडितांचा निर्णय या दुसऱ्या वचनाच्या पंगतीत बसतो, मग त्यांनी ते डोळ्यांपुढे ठेवले असो वा नसो. त्यांच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद करता येतो, तो त्यांनी स्वतः मांडलेला नसला तरी त्यांच्या जमीनविषयक सर्व नियमांत तो गर्भित आहे: वडिलोपार्जित जमीन बापाच्या मालकीची नव्हतीच. ती कुळाची होती. कुळाच्या संमतीवाचून बापाला ती कायमची देऊन टाकता येत नसे. तो तिचा हयातीपुरता धनी होता. जे त्याचे नाही ते त्याच्या पापामुळे जप्त कसे व्हावे? पुत्र आपला हक्क बापाकडून मागत नाही, बापाच्या द्वारे पूर्वजांकडून मागतो, आणि पूर्वजांनी तर काही पाप केलेले नसते. मला हा युक्तिवाद रोमच्या युक्तिवादापेक्षा अधिक खोल वाटतो. विदुराची कथा ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकालाही तो परका वाटू नये. नीती व ज्ञान यांत कुरुकुलातील कोणाहूनही कमी नसलेला तो पुरुष केवळ दासीच्या पोटी जन्मला म्हणून राज्याच्या विचारातही घेतला गेला नाही, आणि महाभारतकारांनी हा अन्याय झाकून ठेवला नाही.

येथवर प्रश्न जमिनीचा होता. तो राज्याला लावला की त्याचे स्वरूप पालटते, आणि वेल्सच्या राजकुळांचा सारा रक्तरंजित इतिहास या पालटातून निघालेला आहे.

वस्तुतः कायदेपंडितांनी राज्य आणि जमीन एकच मानलेली नव्हती. त्यांच्या पोथ्यांत राजाच्या दरबारी 'एडलिंग' नावाचा मानकरी आहे; राजाच्या पुत्रांतून अथवा निकटच्या आप्तांतून राजाने ज्याला आपल्यामागून गादीवर बसण्यासाठी नेमले तो हा, आणि राजा-राणीखालोखाल त्याचा मान. म्हणजे गादी एकाची, इतरांना निर्वाहापुरता सरंजाम, अशी कल्पना कागदावर होती. पण नेमणारा जिवंत असेतोवरच नेमणुकीला वजन. राजाने डोळे मिटले की प्रत्येक पुत्राला आपण बापाचे पुत्र आहोत एवढेच आठवे, आणि ज्या नियमाने सामान्य कुळवाड्याच्या मुलाला सारखा हिस्सा मिळतो त्याच नियमाने आपल्याला का मिळू नये, असा त्याचा प्रश्न असे. ११८८ साली आर्चबिशप बाल्डविनबरोबर क्रुसेडच्या प्रचारासाठी वेल्सभर हिंडलेल्या जेराल्ड या अंशतः वेल्श रक्ताच्या धर्मगुरूने या अनर्थाचे आणखी एक कारण नोंदविले आहे. राजपुत्रांना लहानपणी निरनिराळ्या सरदारांच्या घरी वाढवावयास देत, आणि राजा वारला की प्रत्येक सरदार आपल्या घरी वाढलेल्या राजपुत्रासाठी कंबर कसून उभा राही. त्यामुळे सख्ख्या भावांपेक्षा दूधभावांत माया अधिक. वेल्श लोक जिवंत भावाचा छळ करतात आणि मेलेल्या भावाचा सूड घेतात, अशा आशयाचा शेराही तो मारून जातो. जेराल्डला शेरे मारण्याची हौस होती. पण या ठिकाणी तो अतिशयोक्ती करीत नव्हता.

ग्विनेदचा थोर राजा ओवेन याचेच घर पाहा. त्याने ११५२ साली आपला पुतण्या कुनेदा याचे डोळे काढविले व त्याचे पुरुषत्व नष्ट केले. दोन्ही कृत्यांत थंड डोक्याचा हिशेब आहे: अंधाला राज्य करता यावयाचे नाही, आणि त्याला पुत्र होऊन त्याने हक्क सांगावा ही भीतीही उरावयाची नाही. नियम जेव्हा सर्वांना हक्क देतो तेव्हा हक्कदारांची संख्या कमी करण्याचा उद्योग सुरू होतो, हे येथे कबूल केलेच पाहिजे; समवाटणीचा गौरव करताना कुनेदाचे डोळे विसरून चालणार नाही. याच ओवेनने क्रिस्तिन या आपल्या चुलत बहिणीशी केलेला विवाह निषिद्ध नात्यातला म्हणून धर्मसंस्थेने अमान्य केला. कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट याने त्याला बहिष्कृत केले. तरी त्याने पत्नीला सोडले नाही आणि ११७० साली तो बहिष्कृत अवस्थेतच वारला. बँगोरच्या धर्मगुरूंनी त्याला आपल्या मुख्य मंदिरात पुरले, आणि अठरा वर्षांनी बाल्डविन तेथे आला तेव्हा ते प्रेत बाहेर काढण्याविषयी त्याने बिशपला बजावले.

ओवेनचा एक पुत्र हवेल आयरिश स्त्रीच्या पोटी जन्मलेला होता. तो रणशूर होता आणि कवीही होता. त्याची आठ काव्ये आजही उपलब्ध आहेत, आणि आपल्या देशाची व आपल्या प्रियांची स्तुती एकाच श्वासात करणारा तो मोठा रसिक पुरुष असावा असे त्यांवरून दिसते. बाप वारल्यावर थोड्याच अवधीत क्रिस्तिनचे पुत्र दाविद व रोद्री यांनी अँगलसी बेटावर पेंट्राइथ येथे त्याला ठार केले. त्याच्या बाजूने लढता लढता केदिवोरचे पुत्र, म्हणजे त्याचे दूधभाऊ, पडले. त्यांच्यातल्या मागे राहिलेल्या पेरिव नावाच्या भावाने रचलेला विलाप टिकून आहे आणि त्यात क्रिस्तिन व तिच्या मुलांवर विश्वासघाताचा स्पष्ट आरोप आहे. एकाच बापाच्या मुलांनी ज्याला मारले त्याच्यासाठी परक्या बापाच्या मुलांनी मरावे! येथे औरस कोण आणि अनौरस कोण? धर्मसंस्थेच्या दृष्टीने क्रिस्तिनचा विवाहच अवैध असल्यामुळे मारणारेही अनौरसच होते. दाविदाने पुढे ११७४ साली इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्या सावत्र बहिणीशी लग्न केले. ती हेन्रीच्या पित्याची अनौरस कन्या होती. दोन दरबारांतल्या या विवाहात कोणत्याही बाजूने कोणाची सोयरीक अडली नाही.

या घरातून लुएलिन आब योर्वर्थ पुढे आला, ज्याला इतिहास थोरला लुएलिन म्हणून ओळखतो. त्याने ११९४ मध्ये याच दाविद चुलत्याचा पराभव केला, पुढील काही वर्षांत इतर आप्तांचे हिस्से आपल्या हाती घेतले, आणि १२०५ साली इंग्लंडच्या जॉन राजाची कन्या जोन हिच्याशी विवाह केला. तिच्या आधी तांग्विस्टल नावाच्या स्त्रीपासून त्याला ग्रिफिद हा पुत्र झालेला होता. जोनच्या पोटी दाविद झाला. भाऊबंदकीने एकामागून एक राज्ये कशी फुटतात हे लुएलिनने आयुष्यभर पाहिले-ऐकले होते. ११६० मध्ये राजा वारल्यावर पोविसचे तुकडे झाले ते पुन्हा सांधले नाहीत. दक्षिणेतील प्रतापी रीस राजाला त्याच्याच पुत्रांनी कैदेत टाकले होते, आणि ११९७ मध्ये तो वारल्यावर त्या पुत्रांनी एकमेकांवर धरलेली शस्त्रे इतकी वर्षे खाली ठेवली नाहीत की अखेर १२१६ साली अबरडोवी येथे खुद्द लुएलिनला बसून त्यांची वाटणी करून द्यावी लागली. जो दुसऱ्यांची वाटणीपत्रे करून देतो त्याला आपल्या घराची धास्ती अधिक वाटणार हे उघड आहे. आपले राज्य अखंड दाविदाकडे जावे असा त्याने निश्चय केला, आणि त्यासाठी त्याने जी चिकाटी दाखविली तिला तोड नाही: १२२० मध्ये इंग्लंडचा बालराजा तिसरा हेन्री याच्या मंत्रिमंडळाकडून दाविदाला मान्यता, १२२२ मध्ये पोप तिसरा होनोरियस याचे मंजुरीपत्र, १२२६ मध्ये वेल्सच्या सरदारांकडून दाविदाशी निष्ठेची शपथ, आणि १२३८ मध्ये स्ट्राटा फ्लोरिडाच्या मठात पुन्हा तीच शपथ.

१२२२ च्या त्या पत्रात पोपने लुएलिनच्या विनंतीचाच अनुवाद केला आहे: दासीचा पुत्र स्वतंत्र स्त्रीच्या पुत्राबरोबर वारस होतो ही आपल्या देशातील निंद्य रूढी लुएलिनने ईश्वरी व मानवी कायद्याला विरोधी म्हणून रद्द केली आहे, म्हणून तिचा नाश मंजूर असावा. म्हणजे ज्या रूढीला त्याच्या देशातले पंडित त्याच काळात न्याय म्हणून पोथीत उतरवून ठेवीत होते, तिला त्यांचाच राजा परक्या दरबारात किळसवाणी म्हणून सादर करीत होता. आणि जिला दासी म्हटले ती त्याच्या थोरल्या मुलाची आई होती.

लुएलिनने दाविदाची केलेली निवड मला चुकीची वाटत नाही. एडलिंग नेमण्याचा अधिकार राजाला होताच. दाविद समतोल वृत्तीचा होता, इंग्लंडच्या राजाचा भाचा होता. आणि ग्रिफिद हा काही गरीब बिचारा नव्हता. मेरियोनिदचा प्रदेश त्याला दिला होता. तेथल्या त्याच्या वर्तनामुळे १२२१ मध्ये बापाला सैन्य घेऊन त्याच्यावर चालून जावे लागले व तो प्रदेश काढून घ्यावा लागला. १२२८ पासून सहा वर्षे त्याने बापाच्याच कैदेत काढली. हा मुलगा राज्य चालविण्यास योग्य नाही असे लुएलिनने म्हटले असते तर ते कदाचित कटू, पण प्रामाणिक झाले असते. राज्य हे वतन नसून उत्तरदायित्व आहे. वतनाचा प्रश्न 'कोणाचे?' असा असतो, उत्तरदायित्वाचा 'कोणाला पेलेल?' असा असतो. आणि जमीन बापाची नाही या वेल्श विचाराचा धागा शेवटपर्यंत नेला तर राज्यही बापाचे नाही, म्हणून ते पापामुळे जप्त होऊ नये आणि पुत्रांत कापूनही वाटू नये, हाच निष्कर्ष निघतो. लुएलिनपाशी हे समर्थन तयार होते. त्याने ते सोडून दिले आणि मुलाच्या जन्मावर बोट ठेवले, कारण वेस्टमिन्स्टरला व रोमला तेच समर्थन ऐकू येत होते. त्याचा निर्णय राजाचा होता. कारण मात्र त्याने उसने आणले.

आणि उसन्या कारणाची फजिती तत्काळ झाली. ज्या विवाहाच्या पावित्र्यावर दाविदाचा हक्क उभारला, त्या विवाहातील वधू जोन ही स्वतःच जॉन राजाची अनौरस कन्या होती. दाविदाचा हक्क निष्कलंक करावयाचा तर त्याच्या आजोळचा कलंकही पुसावयास हवा. तेव्हा १२२६ साली होनोरियसने तिला औरसत्व बहाल केले. रोमच्या लेखणीला हे साधत असेल, तर त्याच लेखणीने तांग्विस्टलच्या पुत्राचेही काम भागले असते. इंग्लंडच्या सरदारांचे उदाहरण तर याहून मासलेवाईक आहे. आईबापांनी नंतर विवाह केल्यास आधी झालेले मूल औरस मानावे, असा धर्मसंस्थेचा उदार नियम होता. तो स्वीकारण्याची सूचना १२३६ मध्ये मर्टन येथे बिशपांनी मांडली तेव्हा सरदारांनी इंग्लंडचे कायदे बदलण्यास साफ नकार दिला. वेल्सने अनौरसाला हिस्सा दिला म्हणून तो रानटी ठरला. इंग्लंडने धर्मसंस्थेहून कठोर होऊन त्याला दार बंद केले, त्याला मात्र कोणी धर्मद्रोह म्हटले नाही.

लुएलिन १२४० च्या एप्रिलमध्ये अबरकॉन्वीच्या मठात भिक्षूचा वेष धारण करून वारला. त्याच सुमारास दाविदाने ग्रिफिदाला व त्याचा पुत्र ओवेन याला पकडून क्रिक्येथच्या किल्ल्यात टाकले. मॅथ्यू पॅरिस हा बखरकार सांगतो की बँगोरच्या बिशपच्या अभयावर ग्रिफिद भेटीस आला होता आणि अभय मोडून त्याला धरण्यात आले. यापुढची हकीकत ग्रिफिदाची पत्नी सेनाना हिची आहे, आणि मला ती या सर्व राजकारणातील सर्वांत बुद्धिमान व्यक्ती वाटते. तिने तिसऱ्या हेन्रीकडे धाव घेऊन १२४१ च्या ऑगस्टमध्ये श्रूझबरी येथे करार केला: ६०० मार्क द्यावयाचे, आपली दोन लहान मुले, दाविद व रोद्री, ओलीस ठेवावयाची, आणि त्याच्या बदल्यात ग्रिफिदाला सोडवून त्याच्या पितृधनाच्या हिश्शाचा निवाडा राजाच्या न्यायासनाने वेल्सच्या कायद्याप्रमाणे करावयाचा. पोपने निंद्य ठरविलेला कायदा इंग्लंडच्या राजाने असा पुन्हा मानाने पाटावर बसविला. हेन्रीच्या सल्लागारांना वेल्सचा कायदा वेल्सचे तुकडे करीत असेल तेव्हा पूज्य वाटे, आणि १२२० मध्ये हाच दरबार अखंड वारशाला मान्यता देऊन बसला होता याची आठवण कोणाला झाली नाही. सेनानाने शत्रूच्या सोयीचा नेमका हिशेब केला. चूक एवढीच झाली की शत्रूने कराराचा हिशेब ठेवला नाही. हेन्री सैन्य घेऊन आला, दाविद शरण आला, ग्रिफिद क्रिक्येथमधून निघाला आणि लंडनच्या टॉवरमध्ये दाखल झाला. निवाडा झालाच नाही. १२४४ च्या मार्चची १ तारीख, म्हणजे वेल्सचा संत डेव्हिड याचा सण. त्या दिवशी चादरींचा दोर करून उतरताना तो तुटून ग्रिफिद खाली पडला व मेला. मॅथ्यू पॅरिसने या पतनाचे चित्रही आपल्या बखरीत काढले आहे.

दोन वर्षांनी दाविद निपुत्रिक वारला. पोपची मंजुरी, सरदारांच्या शपथा, जोनचे औरसत्व, या सर्व दस्तऐवजांचा ज्या एका वंशासाठी खटाटोप केला होता तो एका पुरुषावर संपला, आणि राज्य गेले ते ग्रिफिदाच्या, म्हणजे दासीपुत्राच्या मुलांकडे. १२४७ च्या वुडस्टॉकच्या तहाने ओवेन व लुएलिन या भावांना हेन्रीने संकुचित ग्विनेदचे मांडलिक म्हणून मान्य केले. १२५५ मध्ये ब्रिन डर्विन येथे लुएलिनने ओवेन व धाकटा भाऊ दाविद यांचा पराभव केला. ओवेन २२ वर्षे कैदेत राहिला, आणि हवेल व्होएल नावाच्या कवीने त्याच्या सुटकेसाठी रचलेली काव्ये उपलब्ध आहेत. भावाला तुरुंगात टाकून उभे केलेले हे राज्य १२६७ मध्ये माँटगोमरीच्या तहाने, २५,००० मार्कांच्या खंडणीवर, 'वेल्सचा प्रिन्स' या पदवीसह मान्य झाले; इतकी उंची थोरल्या लुएलिननेही गाठली नव्हती. आजोबांनी रोमहून आणलेला नियम खरा मानला तर या नातवाला त्या गादीवर बसण्याचा लवमात्र अधिकार नव्हता. त्याने त्या नियमाचे नाव काढले नाही आणि जुन्या कायद्याचेही काढले नाही.

समान वाटणीने वेल्स बुडाला, असा निवाडा इतिहासकार सहजपणे देत आले आहेत. त्यात तथ्य नाही असे नाही. पण ज्या इंग्लंडचा आदर्श पुढे ठेवावयाचा, त्याने ज्येष्ठाधिकाराचे काय केले? पहिल्या हेन्रीने आपला थोरला भाऊ रॉबर्ट याला ११०६ मध्ये पकडले आणि मरेपर्यंत, म्हणजे २८ वर्षे, कैदेत ठेवले; त्याचा शेवट वेल्समधल्याच कार्डिफच्या किल्ल्यात झाला. दुसऱ्या हेन्रीवर त्याच्या औरस पुत्रांनी ११७३ मध्ये शस्त्र उचलले. जॉनच्या ताब्यात सापडलेला त्याचा पुतण्या आर्थर १२०३ नंतर कोणाला दिसला नाही. इंग्लंड टिकले ते तेथले भाऊ अधिक सुशील होते म्हणून नव्हे. त्यांच्या भांडणात हात घालून करार लिहून घेणारा बलाढ्य शेजारी त्यांच्या सीमेवर बसलेला नव्हता. ग्विनेदच्या प्रत्येक वंचित राजपुत्राला मात्र चेस्टर किंवा श्रूझबरीचा रस्ता ठाऊक होता. धाकटा दाविद त्या रस्त्याने १२६३ मध्ये गेला. १२७४ मध्ये भावाच्या खुनाचा मनसुबा फसल्यावर पुन्हा गेला. आणि १२८२ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्याकडून हवे ते मिळाले नाही तेव्हा हावर्डनचा किल्ला घेऊन त्यानेच ते शेवटचे युद्ध पेटविले, ज्यात लुएलिनला भावाच्या बाजूने उतरावे लागले.

लुएलिन त्या वर्षीच्या डिसेंबरात मारला गेला. दाविदाला १२८३ च्या ऑक्टोबरात श्रूझबरी येथे राजद्रोही म्हणून क्रूरपणे ठार करण्यात आले. त्याचे दोन लहान पुत्र ब्रिस्टलच्या किल्ल्यात नेले गेले. एक १२८७ मध्ये तेथेच वारला, आणि दुसरा, ओवेन, मोठा होऊन प्रौढ झाला तरी सुटला नाही. १३०५ मध्ये त्याला रात्री लोखंडाने बांधलेल्या लाकडी पिंजऱ्यात ठेवण्याचा हुकूम एडवर्डने दिला. या मुलांचा स्वतःचा अपराध कोणी कधी सांगितला नाही, कारण तो नव्हताच. ज्या राजाने हा हुकूम दिला तो धार्मिक होता, क्रुसेडवर जाऊन आलेला होता, आणि वेल्सच्या कायद्यांतील काही कलमे ईश्वराला व विवेकाला अप्रिय आहेत असे ज्या इंग्लंडचे धर्माधिकारी लुएलिनला पूर्वी कळवीत होते, त्याच इंग्लंडचा राजा होता.

त्याने १२८४ मध्ये रूडलन येथे जिंकलेल्या मुलुखासाठी जो कायदा केला, तो या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. भावाभावांत सारखी वाटणी करण्याची वेल्श रीत त्याने चालू ठेवली. तिचा तेथे पूर्ण अंत व्हावयास आठव्या हेन्रीचे १५४३ चे कायदे यावे लागले. वाटणीने वेल्स दुबळा झाला असे मानणाऱ्या विजेत्याने ती मोडण्याची घाई केली नाही, हे समजण्यासारखे आहे. या रीतीत बदल दोनच केले. अनौरस पुत्राला इतःपर औरसांबरोबर हिस्सा मिळणार नाही, अनौरस एकटाच असला तरीही नाही, असे ठरवून थोरल्या लुएलिनने रोमकडे मागितलेली गोष्ट एडवर्डने त्याच्या प्रजेला देऊन टाकली. दुसरा बदल उदार होता: पुत्र नसल्यास कन्यांना वारसा मिळावा. नातू लुएलिन याला एकच अपत्य होते, ते औरस होते, आणि ती कन्या होती; पण ग्वेन्लियन त्यापूर्वीच लिंकनशरमधील सेंप्रिंगहमच्या मठात पोचविली गेली होती, आणि व्रतस्थ झालेल्या स्त्रीला इंग्लंडच्या कायद्यात कोणताच वारसा उरत नसे. तिने तेथे १३३७ पर्यंत आयुष्य काढले.